लाख, विनाइल आणि खाचेत न बसलेला आवाज

अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या. सीडी विकल्या गेल्या ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात तबकडीने सीडीला मागे टाकण्याची ही १९८७ नंतरची पहिलीच वेळ होती. पैशांच्या हिशेबात तिने ही आघाडी २०२० मध्येच घेतली होती. जिचा वार्षिक खप २००६ मध्ये दहा लाखांच्याही खाली गेला होता आणि जिला रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली होती, ती वस्तू अशी परतली. २००८ पासून दरवर्षी एप्रिलमधील एका शनिवारी ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा होतो. त्या दिवशी पहाटेपासून दुकानांबाहेर रांगा लागतात आणि रांगेतील पुष्कळ मुले सीडीचाही जमाना सरल्यावर जन्मलेली असतात. ल्युमिनेट या विक्रीची मोजदाद करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये सांगितले, की तबकडी विकत घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवण्याचे यंत्र आहे. उरलेले लोक ती भिंतीवर लावतात, मांडणीत ठेवतात, तिचे वेष्टन हाताळतात. आपल्या मंडळींच्या घरांतील मुलेही आता वाढदिवसाला तबकडी मागू लागली आहेत, आणि आई-वडील गोंधळून विचारतात, ‘फोनमध्ये सगळी गाणी असताना हे कशाला?’

या पुनरागमनावर इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. त्याचा सूर बहुधा एकच असतो: यंत्रयुगात हरवलेली ऊब, हाताला लागणारी वस्तू, सुई टेकवण्याचा तो निवांत क्षण. यात खोटे काही नाही. परंतु ज्या काळाची ही हुरहूर आहे, त्या काळात तबकडीच्या खाचेत कोणाचा आवाज शिरू दिला गेला आणि कोणाचा दाराबाहेर उभा राहिला, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतो. आंबेडकरी वाचकाला तोच आधी सुचतो. म्हणून हा इतिहास थोडा मागून, विनाइलच्याही आधीपासून पाहू.

विनाइलच्या आधी तबकडी लाखेची होती. तबकडी आणि ग्रामोफोन यांचा जनक एमिल बर्लिनर हा जर्मनीतील हॅनोव्हरहून १८७० मध्ये अमेरिकेत आलेला ज्यू स्थलांतरित. १८८७ मध्ये त्याने ग्रामोफोनचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या, पण त्या सपाट राहत नसत. मग १८९५ च्या सुमारास न्यू जर्सीतील नेवार्क येथील ड्युरानॉइड कंपनीने, बटणांसाठी वापरतात तशा लाखेच्या मिश्रणातून तबकड्या दाबून दिल्या. त्या टिकल्या. पुढची पन्नास वर्षे जगभरचे संगीत याच पदार्थावर उमटले. आज नेवार्कच्या विमानतळावर उतरणाऱ्या आपल्या माणसाला त्याचा पत्ता असण्याचे कारण नाही.

ही लाख येत होती कोठून? मुख्यतः भारतातून, त्यातही छोटा नागपूरच्या पठारावरून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिशय लहान कीटक लाखोंच्या संख्येने वस्ती करतो आणि स्वतःभोवती रस पाझरवतो. तो सुकला की फांदीवर लालसर कवच तयार होते. मुंडा, उरांव आणि इतर आदिवासी कुटुंबे या फांद्या तोडून लाख खरवडत आणि बाजारात पोचवत. आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही लाख निघते. आजीच्या हातातील लाखेच्या बांगड्या आणि टपालाच्या पाकिटावरची लाल मोहर यांमुळे हा पदार्थ मराठी माणसाला अपरिचित नाही. खरवडलेली लाख धुऊन, वाळवून, लांबच लांब कापडी पिशवीत भरत आणि कोळशाच्या भट्टीसमोर पिशवी पिळत. वितळून बाहेर आलेला गोळा गरम असतानाच एक कारागीर उभा राहून ताणत असे. दोन हात, दोन पाय आणि दात, अशा पाच टोकांनी तो पत्रा कागदासारखा पातळ होईपर्यंत ओढला जाई. मिर्झापूर हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. शेलॅक म्हणून जगाच्या बाजारात जात असे ते हे.

तबकडीत लाखेचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास असे. बाकी दगडाची पूड, काजळी, कापसाचे तंतू. पण ही सगळी भुकटी धरून ठेवणारी ती लाखच.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. मेणावर घेतलेले ते मूळ ठसे जहाजाने हॅनोव्हरला गेले, तेथे लाखेच्या तबकड्या दाबल्या गेल्या आणि त्या पुन्हा भारतात विकायला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत हाच क्रम चालू होता. म्हणजे लाखही येथली, गाणेही येथले आणि ग्राहकही येथलाच, तरी दोन्हींना समुद्र ओलांडून जर्मनीला जाऊन यावे लागत होते. वसाहतीचे अर्थकारण शिकवण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

गैसबर्गसमोर गायले कोण, हेही पाहण्यासारखे आहे. ‘प्रतिष्ठित’ घरांतील स्त्रिया यंत्रासमोर गाणार नव्हत्या. गायल्या त्या नाटक मंडळीतल्या मुली आणि गौहरजानसारख्या तवायफ. गाणे संपता संपता आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगण्याची गौहरजानची लकब प्रसिद्ध आहे. ज्या स्त्रियांना समाजाने आपल्या घरात कधी बसू दिले नसते, त्यांच्याच गळ्यावर या देशातील ध्वनिमुद्रणाचा धंदा उभा राहिला. पुढे धंद्याला प्रतिष्ठा आली, आणि मग त्यांना हळूहळू बाजूला सारण्यात आले.

अमेरिकेत दाराचा प्रश्न रंगाचा होता. १९२० पर्यंत कृष्णवर्णीय स्त्रीने गायलेले ब्लूज कंपन्या ध्वनिमुद्रित करायला तयार नव्हत्या. पेरी ब्रॅडफर्ड या कृष्णवर्णीय गीतकाराने ओके कंपनीच्या मागे लागून मॅमी स्मिथला संधी मिळवून दिली. १० ऑगस्ट १९२० रोजी ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित झाले आणि हजारोंनी खपले. कंपन्यांना अचानक शोध लागला की कृष्णवर्णीय लोकांकडेही पैसे असतात आणि तेही गाणी विकत घेतात. पण दार उघडले ते वेगळ्या खोलीचे. या तबकड्यांची स्वतंत्र मालिका निघाली, स्वतंत्र जाहिराती आणि स्वतंत्र नाव: ‘रेस रेकॉर्ड्स’. बिलबोर्ड साप्ताहिकाने आपल्या यादीचे हे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले ते १९४९ मध्ये. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे ज्यांना सांगावे लागत नाही त्यांना या यादीचा अर्थही सांगावा लागू नये.

हे वेगळे दार नको, आपलेच घर बांधू, असे हॅरी पेस याने ठरवले. तो अटलांटा विद्यापीठात डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचा विद्यार्थी होता. १९२१ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक स्वान’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. गुलामीत जन्मलेल्या एलिझाबेथ ग्रीनफिल्ड या एकोणिसाव्या शतकातील गायिकेला लोक ‘ब्लॅक स्वान’ म्हणत. कंपनीचे नाव तिच्यावरून. संचालक मंडळावर स्वतः ड्यु बॉइस होते. याच ड्यु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ च्या जुलैमध्ये पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. हा पत्रव्यवहार आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला आहे. आपल्या माणसांचा आवाज दुसऱ्याच्या कारखान्यावर अवलंबून राहता कामा नये, या विचारासाठी त्यांनी पंचवीस वर्षे आधी एका रेकॉर्ड कंपनीत आपले नाव घातले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

ब्लॅक स्वानची कहाणी दोन बाजूंनी शिकवणारी आहे. एथेल वॉटर्सच्या गाण्यांनी कंपनीला यश दिले. पण तबकड्या दाबणारे कारखाने इतरांच्या हातात होते. म्हणून १९२२ मध्ये पेसला एका गोऱ्या भागीदारासह लाँग आयलंड सिटीतील एका बुडालेल्या कंपनीचा कारखाना विकत घ्यावा लागला. त्या खर्चाने कंबर मोडली, रेडिओ आला, मोठ्या कंपन्या याच बाजारात उतरल्या, आणि १९२३ च्या अखेरीस दिवाळे निघाले. दुसरी बाजू अधिक अवघड. बेसी स्मिथ याच कंपनीकडे गाणे ऐकवायला आली होती, आणि फार रांगडी म्हणून तिला परत पाठवण्यात आले. कंपनीला आपल्या समाजाची ‘सभ्य’ बाजू जगापुढे आणायची होती: ऑपेरा, भक्तिगीते, नीटनेटके ब्लूज. बेसी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी गायली आणि त्या दशकातील सर्वांत मोठी ब्लूज गायिका ठरली. स्वतः बांधलेल्या घरालाही आतून कडी लागू शकते. ढोलकी-तुणतुण्याचे गाणे कार्यक्रमात ठेवावे की नको, यावर आपल्या बैठकांत जे संकोच ऐकू येतात, ते मला येथे आठवतात.

ब्लॅक स्वानचा संग्रह पुढे पॅरामाउंट कंपनीकडे गेला. ही विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्यांच्या कारखान्याची उपकंपनी! ग्रामोफोनची लाकडी कपाटे खपावीत म्हणून तिने तबकड्या काढायला घेतल्या आणि ‘रेस रेकॉर्ड्स’ स्वस्तात पडतात म्हणून त्या वाढवल्या. मंदीच्या काळात ती बंद पडली आणि धातूचे मूळ साचे भंगारात गेले. आज त्या तबकड्यांना सोन्याचा भाव आहे. मिसिसिपीचा गायक टॉमी जॉन्सन याच्या पॅरामाउंटने काढलेल्या एका तबकडीच्या दोनच प्रती ज्ञात होत्या; त्यातील एक २०१३ मध्ये ३७,१०० डॉलरला विकली गेली. जॉन्सन १९५६ मध्ये वारला होता.

मग युद्ध आले. जपानने आग्नेय आशिया व्यापला, भारताहून येणारी जहाजे धोक्यात आली, आणि लाख तर लष्करालाही हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी केला. नवी तबकडी हवी असेल तर जुनी परत द्या, असे ग्राहकांना सांगितले जाऊ लागले. परत आलेल्या तबकड्या दळून त्यांच्याच लगद्यातून नव्या निघाल्या. लाख कमी पडताच कंपन्यांनी आधी हात आखडता घेतला तो कृष्णवर्णीय आणि गरीब ग्रामीण गोऱ्या श्रोत्यांच्या गाण्यांत. छोटा नागपूरच्या जंगलात जे कमी तोडले गेले, त्याचा फटका असा मिसिसिपीच्या गायकाला बसला. संग्राहक ज्या ‘दुर्मीळ’ तबकड्यांसाठी तळमळतात, त्यांच्या दुर्मीळपणाचा एक भाग असा या दळणात आहे.

सैनिकांसाठी निघालेल्या ‘व्ही-डिस्क’ मात्र विनाइलच्या होत्या, कारण लाखेची तबकडी प्रवासात फुटते. युद्ध संपल्यावर हाच पदार्थ घराघरांत आला. जून १९४८ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सने न्यूयॉर्कमध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी ‘लाँग प्लेइंग’ तबकडी सादर केली. बाबासाहेबांच्या कोलंबियाशी या कोलंबियाचा संबंध नाही, हे सांगून ठेवतो. अनेकांचा गोंधळ होतो. एका बाजूला तीन-चार मिनिटांऐवजी वीस-बावीस मिनिटे मावू लागली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली, आणि मग काही वर्षे दोघांत ‘वेगाचे युद्ध’ चालले. तो भाग कोणत्याही पुस्तकात सापडेल.

विनाइल हे नाव हलके आणि चकचकीत वाटते. तो पदार्थ म्हणजे पीव्हीसी, आपल्या नळांचा नातेवाईक. तो ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून करतात, त्याने यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये केंटकीतील लुईव्हिल येथील एका पीव्हीसी कारखान्यातील कामगारांच्या मृत्यूंवरून उघड झाले. त्यानंतर अमेरिकेत हवेतील त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा आली. दातांनी लाख ताणणारा मिर्झापूरचा कारागीर आणि लुईव्हिलच्या भट्ट्या खरवडणारा कामगार यांची चित्रे कोणत्याही तबकडीच्या वेष्टनावर नाहीत.

या इतिहासातील एक जागा मात्र मला स्वतः पाहायची आहे. टेनेसीतील नॅशव्हिल येथे सदर्न प्लास्टिक्स, आताचे युनायटेड रेकॉर्ड प्रेसिंग, या कारखान्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी नवी इमारत बांधली. कारखान्याची मोठी गिऱ्हाइके होती डेट्रॉइटची मोटाउन आणि शिकागोची व्ही-जे. दोन्ही कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या. बीटल्सची अमेरिकेतील पहिली तबकडी १९६३ मध्ये याच व्ही-जेने काढली आणि ती याच कारखान्यात दाबली गेली. पण या कंपन्यांची माणसे कामासाठी नॅशव्हिलला आली की त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. म्हणून कारखान्याने वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी निवासाची सोय केली: झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, बैठकीची जागा. ‘मोटाउन स्वीट’ म्हणून ती ओळखली जाते. खाली यंत्रे ज्या आवाजांच्या प्रती काढून देशभर पाठवत होती, त्या आवाजांच्या माणसांना त्याच शहरात उशी मिळत नव्हती. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेची कथा ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांनी नॅशव्हिलला गेल्यावर गिटारच्या दुकानांबरोबर या जागेचीही चौकशी करावी.

१९८० च्या दशकात सीडी आली. कंपन्यांनी तबकडीला आपल्या मरणाने मरू दिले नाही. न खपलेल्या तबकड्या दुकानदाराकडून परत घेणेच त्यांनी जवळपास बंद केले. मग दुकानदार त्या मागवीनात. १९९० च्या सुमारास बाजार आटला. तरीही दाबयंत्रे पूर्ण थंडावली नाहीत. ती कोणी चालू ठेवली? पुनरागमनाच्या गोष्टीत श्रेय मिळते ते रेकॉर्ड स्टोअर डेला, हौशी संग्राहकांना, दाढीवाल्या तरुणांना. माझ्या मते ते श्रेय चुकीच्या खात्यात जमा होते. जमैकाहून वयाच्या बाराव्या वर्षी ब्रॉन्क्सला आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या बहिणीच्या समारंभात दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवल्या आणि नाचणाऱ्यांना आवडणारा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. त्यातून हिप-हॉप जन्मले. लंडनमध्ये कॅरिबियन स्थलांतरितांनी आपल्या ‘साउंड सिस्टिम’ रस्त्यावर आणल्या. शिकागो, डेट्रॉइटच्या नृत्यगृहांनी बारा इंची तबकडी पोसली. १९९० च्या दशकात नवी तबकडी नियमाने विकत घेणारा माणूस मुख्यतः हा होता. त्याच्यासाठी ती काम करण्याचे हत्यार होते, हुरहुरीचा विषय नव्हता. सुई कुठे टेकवायची हे त्याला खाचेच्या चमकेवरून कळत असे. स्थलांतरित गरिबांनी एक यंत्र पंचवीस वर्षे हाताळून जिवंत ठेवले, आणि मग ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यात परतले.

आता त्या प्रसिद्ध ‘उबे’विषयी. माझा व्यवसाय अंक मोजण्याचा असल्यामुळे थोडे लिहितो. खाचेत खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होते की बाजूवर दहा मिनिटेही मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, वरचे स्वर वाढवतात आणि वाजवताना उलट करतात. १९५४ पासून यासाठी एकच प्रमाण ठरले आहे. तबकडी मध्याकडे सरकते तशी सुईखालून जाणारी लांबी कमी होते आणि वरचे स्वर मळतात. बाजूचे शेवटचे गाणे हळवे असण्याची प्रथा काही प्रमाणात यातून आली. म्हणजे जिला आपण ऊब म्हणतो ती बऱ्याच अंशी एका तडजोडीची सवय आहे. शिवाय १९८० च्या दशकातील पुष्कळ तबकड्या कोरताना आवाज आधीच अंकीय यंत्रातून जात होता. २०२२ मध्ये ‘संपूर्ण अ‍ॅनालॉग’ अशी ख्याती असलेल्या एका अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्यांत अंकीय टप्पा असल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा गहजब झाला. वर्षानुवर्षे ज्यांनी त्यांच्या उबेची स्तुती केली होती, त्यांच्या कानांना तोवर काहीही खटकले नव्हते. तबकडी ऐकू नये असे मी म्हणत नाही, मीही ऐकतो. बाजू उलटण्यासाठी उठावे लागते, म्हणून माणूस लक्ष देऊन ऐकतो, एवढे कारण मला पुरते.

आणि हा सारा डोलारा किती बारीक खांबावर उभा आहे! ज्या लाखसदृश लेपाच्या चकत्यांवर मूळ खाच कोरतात, त्या बनवणारे कारखाने जगात दोनच होते. त्यांतील एक, कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथील, फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत भस्म झाला. उरला जपानमधील एक.

आता आपल्याकडे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांची होती आणि जलसा रात्रभराचा. तो त्या खाचेत बसणारा नव्हताच, आणि बसवावा असे कोणत्याही कंपनीला वाटले नाही. पुढे एचएमव्हीने भीमगीतांच्या काही लहान तबकड्या काढल्या. जयंतीला, लग्नाला, वस्तीतल्या कर्ण्यावर त्या वाजल्या. प्रल्हाद शिंदे यांचा गळा महाराष्ट्राने मुख्यतः विठ्ठलाच्या गाण्यांसाठी लक्षात ठेवला. भीमगीते गाणारा तोच गळा आपल्या वस्त्यांनी ठेवला. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, पण सरकारी सत्कारांत आणि जुन्या गाण्यांच्या संचांत एकच दिसते.

आपला आवाज खऱ्या अर्थाने मुक्त झाला तो कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली ही डबी १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतात पसरली, आणि ती पसरवण्यात आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कामगारांच्या खांद्यावरील ‘टू-इन-वन’चा मोठा वाटा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातील विक्रीत कॅसेटचा वाटा सुमारे ९५ टक्क्यांवर गेला, एचएमव्हीची जवळजवळ असलेली मक्तेदारी मोडली, आणि गल्लीतला माणूसही कंपनी काढू शकू लागला. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ठेले लागले. कव्वालीचे सामने, वामनदादा कर्डकांची गाणी, जयंतीचे कार्यक्रम थेट मैदानावरून मुद्रित होऊ लागले. त्या पट्ट्यांत गाण्याच्या मध्येच ‘अमुक यांच्याकडून अकरा रुपये’ अशी घोषणा येते, मूल रडते, ढोलकी पुन्हा लावली जाते. स्टुडिओच्या तबकडीत हे कधीच आले नसते.

म्हणूनच तबकडीच्या पुनरागमनाने मला आनंदाबरोबर अस्वस्थताही दिली आहे. बाजार ज्याची किंमत करतो ते पुन्हा दाबले जाते, जपले जाते, त्याचे साचे तिजोरीत जातात. मुंबईतही आता पुन्हा तबकड्या दाबल्या जाऊ लागल्या आहेत, आणि कोणते संगीत आधी परत येईल याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. कॅसेट मात्र विनाइलसारखी टिकत नाही. तिच्या पट्टीवरील चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेत खराब होतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात, वरचे स्वर आधी जातात. चाळीस वर्षांची कॅसेट नीट वाजण्याची संधी कदाचित एकदाच मिळते. सुटकेसमध्ये ती घेऊन आलेल्यांनी घरच्या जुन्या यंत्रावर आधी ‘सहज’ वाजवून पाहू नये. पट्टी तुटली तर तुकडे फेकू नयेत. चांगल्या डेकवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ इतक्या प्रतीने उतरवावे आणि गाणे कोणाचे, ठिकाण कोणते, ढोलकीवर कोण, हे आठवणारी माणसे असेपर्यंत लिहून घ्यावे. त्या अकरा रुपयांच्या घोषणाही कापू नयेत. गावाचे नाव बहुधा त्यांतच सापडते.

पुष्कळ कॅसेटींच्या वेष्टनावर गायकाचा रंगीत फोटो असतो आणि कवीचा पत्ताच नसतो. पुष्कळांचे वेष्टनही हरवले आहे. शाहिरांची रीत जुनी असल्यामुळे वामनदादांची अडचण त्या मानाने कमी होते. त्यांच्या अनेक गाण्यांत शेवटच्या कडव्यापर्यंत थांबले, की ‘वामन’ हे नाव ऐकू येते.